झोळीतले फोन

१

फोन बसवणं सोपं असतं. टेबलावर ठेवला की बसला. अवघड असतं ते आकड्यांना वाट दाखवणं. माणूस रिसीव्हर उचलतो, चार आकडे दाबतो आणि पलीकडून कुणी बोललं नाही की शिव्या मला घालतो. कुठला नंबर कुणाच्या टेबलावर न्यायचा, कुठला बाहेरच्या लाइनवर सोडायचा, साहेब जागेवर नसले तर फोन कुणाच्या गळ्यात घालायचा, हे सगळं आधी लिहून ठेवावं लागतं. त्याला डायल प्लॅन म्हणतात. तीनने सुरू होणारे नंबर तिसऱ्या मजल्यावर, चारने सुरू होणारे चौथ्यावर, शून्य दाबलं की बाहेरचं जग. अर्धं आयुष्य हेच करण्यात गेलं, त्यामुळे मला त्यात चुकण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

कामाला आम्ही दोघंच, मी आणि बायको. मी एका टेबलाशी लॅपटॉप उघडून बसतो. ती खोल्याखोल्यांतून फिरते आणि प्रत्येक फोनवरून मला फोन करते. मी तिला मुकादमीण म्हणतो, कारण माझ्यावर ओरडायचं काम तिने कुणी न सांगता अंगावर घेतलंय. नकाशाशी तिचं जन्माचं वाकडं. हातात कागद देऊन अमुक नंबरच्या खोलीत जा म्हटलं, तर बाईसाहेब हमखास जिन्यात जाऊन उभ्या राहणार. म्हणून आमची एक पद्धत पडली. तिने नंबर सांगायचा नाही, खोली सांगायची. "बुटक्या कपाटाशेजारी." "जिची खिडकी उघडत नाही ती." माझ्या फोनच्या डिस्प्लेवर नंबर दिसतोच. मी त्याच्यापुढे तिचे शब्द लिहितो आणि 'हं' म्हणतो. हं म्हटलं की ती पुढच्या खोलीत जाते, आणि मी हं म्हणेपर्यंत जागची हलत नाही. गिऱ्हाइकं हसतात, पण या पद्धतीने आमचं एकही ऑफिस चुकलेलं नाही.

दुसरी सवय माझी. काम चालू असेपर्यंत डायल प्लॅनच्या अगदी तळाशी मी एक नियम लिहून ठेवतो: जो नंबर कशातच बसत नाही, तो माझ्या टेबलावर आणावा. मुकादमीण घाईत भलतीच बटणं दाबते. तिचा फोन वाऱ्यावर जाण्यापेक्षा माझ्याकडे आलेला बरा. या नियमाला आम्ही झोळी म्हणतो. काम संपलं की झोळी काढून टाकायची.

२

यावेळचं गिऱ्हाईक म्हणजे मालट्रक भाड्याने देणारी कंपनी. पाच मजल्यांच्या इमारतीतला तिसरा आणि चौथा मजला त्यांनी घेतला होता. आधीचं ऑफिस नुकतंच उठून गेलेलं. गालिच्यावर टेबलांच्या पायांचे खड्डे अजून दिसत होते आणि भिंतींवर जिथे कॅलेंडरं होती तिथे फिकट चौकोन उरले होते. कंपनीच्या व्यवस्थापक बाईंना सगळे मॅडम म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आमचे लोक आठवडाभरात बसणार. बेल वाजली पाहिजे, आणि जिथे वाजायला हवी तिथेच वाजली पाहिजे."

तिसरा मजला सकाळी उरकला. जेवण झाल्यावर मुकादमीण चौथ्यावर गेली आणि तिचे फोन सुरू झाले. काचेची खोली. पंखा करकरतो ती खोली. सिंकजवळ, नळ गळतोय, त्यांना सांगा. मी लिहीत होतो, हं म्हणत होतो.

"लांबट खोली," ती म्हणाली. "दिवा एकच, तोही पार टोकाला. टेबलं भिंतीला लावलीत. खुर्ची एकही नाही."

"हं."

लिहून झाल्यावर डिस्प्लेकडे लक्ष गेलं. नंबर सातने सुरू होत होता. सातने सुरू होणारा एकही नंबर मी कुणाला दिला नव्हता, देण्यासारखा सातवा मजलाही इमारतीला नव्हता. चाराच्या जागी सात टाइप झाला असणार, म्हणून मी स्वतःलाच दोन शब्द सुनावले आणि दुरुस्ती करायला यादी उघडली. त्या नंबरचा फोन यादीत नव्हताच. सिस्टिमच्या लेखी तो कुठे जोडलेलाच नव्हता.

त्यानंतर बराच वेळ फोन आला नाही. मग बायको स्वतःच जिना उतरून खाली आली. एरवी ती येते तीच तक्रारी घेऊन, गुडघे, जिने, माझा नवरेपणा, सगळं एका दमात. त्या दिवशी ती पाणी प्यायली आणि खुर्चीत बसून "झालं सगळं" एवढंच म्हणाली. मला वाटलं, दमली असेल.

"ही लांबट खोली कुठली गं?" मी विचारलं.

तिने माझं लिहिलेलं शांतपणे वाचलं. "अशी खोली नाही. वरच्या सगळ्या चौकोनी आहेत," ती म्हणाली.

मी वर जाऊन बघून आलो. सगळ्या चौकोनीच होत्या.

३

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पिशवीतून नकाशा काढला, एकदा पाहिला, घडी करून परत ठेवला आणि सरळ हव्या त्या खोलीत गेली. मी बघतच राहिलो. फोन केला तोही नंबर सांगायला. खोलीबद्दल अवाक्षर नाही. एवढ्या वर्षांनी माझं नशीब उघडलं, असं मी मनात म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

घरीही तसंच. आमची मुलगी दिवसभर घरात गरगरत असते म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिची आणि आईची रोज जुंपायची. अभ्यास, वेणी, सांडलेलं दूध, विषय कुठलाही चालायचा. त्या संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी बसून गणितं सोडवत होत्या. आवाज चढला नाही. भिंगरी झोपायला जाताना माझ्या कानात म्हणाली, "आई आज चिडलीच नाही."

"मग बरं झालं ना."

"हो," ती म्हणाली, पण थोडा विचार करून.

४

मी तिसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलाशी होतो. समोर काचेची भिंत, तिच्या पलीकडे बायको. एका हातात स्क्रू ड्रायव्हर, दुसऱ्या हातात भिंतीवरच्या सॉकेटचं झाकण. ती पाठमोरी नव्हती, तिचं तोंड मला नीट दिसत होतं. माझा फोन वाजला. नंबर सातने सुरू होणारा.

"ही पण लांबटच," बायकोचा आवाज म्हणाला. "आधीच्यापेक्षा बुटकी आहे. मला जरा वाकावं लागतंय. फोन जमिनीवर ठेवलाय कुणा शहाण्याने."

काचेपलीकडे ती झाकण बसवत होती. ओठ मिटलेले.

मी हं म्हणालो नाही.

"अहो, झोपलात का? अजून किती राहिल्यात ते तरी सांगा. पायाचे तुकडे पडले माझ्या."

"कुठे आहेस?" मी विचारलं.

"वर. आणखी कुठे जाणार? तुम्हीच पाठवलंत ना जेवण झाल्यावर. भिंगरी शाळेतून यायची वेळ होत आली आणि किल्ली माझ्याकडे. आवरा लवकर."

मी रिसीव्हर ठेवून दिला. डोकं चालवायचा प्रयत्न केला. कुणीतरी तिचे आधीचे फोन रेकॉर्ड करून ऐकवत असेल. पण पायाचे तुकडे पडले हे ती कालपरवा म्हणालीच नव्हती. सिस्टिममध्ये एखादा कॉल अडकून मागाहून आला असेल. पण अडकलेला कॉल उत्तरं देत नाही. तिनेच थट्टा चालवली असेल, असंही मी म्हणून पाहिलं, आणि काचेतून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. मग तिने पुढचं झाकण उचललं.

५

झोळी काढली की हे फोन बंद, एवढं मला कळत होतं. तो आवाज कुठून का बोलेना, तिकडे दाबलेले आकडे माझ्या डायल प्लॅनमधल्या कुठल्याच नियमात बसत नव्हते. म्हणूनच ते माझ्याकडे पडत होते. एक ओळ पुसायची आणि मोकळं व्हायचं. मी ती ओळ पुसली नाही, आणि बायकोला खालच्या दुकानातून स्क्रू आणायला पाठवून वाट बघत बसलो.

फोन आला तेव्हा मी आधी खात्री करून घ्यायची ठरवलं. "सिस्टिमचा पासवर्ड काय आहे?"

"परीक्षा घेताय होय माझी? माझ्या माहेरच्या मांजरीचं नाव. जिने तुमचा मोजा पळवला होता ती. नाव सांगू का मोठ्याने, म्हणजे सगळी कंपनी ऐकेल?" आणि ती हसली. ते हसू मी कुठेही ओळखेन.

"हे बघ," मी म्हणालो, "आता पुढे जाऊ नकोस. आलीस तशी मागे फिर."

"फिरले ना मघाशी. मागेही पुढचीच खोली लागते." आता ती हसत नव्हती. "अहो, इथे काहीतरी चुकलंय. नकाशा तुमच्याकडे आहे ना? बघून सांगा, दार कुठल्या अंगाला आहे."

मी नकाशा उघडून बसलो. चौकोनी खोल्यांचा तो नकाशा.

"शेजारच्या खोलीत एक म्हातारा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तोही फोनवर खोली सांगतोय. एकच खोली, सारखी सारखी. लांबट आहे, दिवा एक आहे. त्याला पलीकडून कुणी हं म्हणत नाहीये. तुम्ही ठेवू नका हं फोन."

"नाही ठेवत."

"मग हं तरी म्हणा. इथे वाकून वाकून मान मोडली. पुढची कदाचित उंच असेल."

मी तिला थांबवून ठेवावं की पुढे जाऊ द्यावं? तिथे ठेवणं माझ्याने होईना. मी हं म्हणालो. फोन बंद झाला आणि मी टेबलावर डोकं टेकून रडलो.

बायको स्क्रू घेऊन वर आली. मी तोंड पुसलं आणि तिलाही तोच प्रश्न विचारला. तिने मांजरीचं नाव अचूक सांगितलं.

"मोज्याचं आठवतं?" मी विचारलं.

"मोजा डाव्या पायाचा होता," ती म्हणाली. सांगितलं तेही बरोबरच होतं. पण त्यात हसण्यासारखं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

६

मग दिवस जाऊ लागले तसे फोनही कमी होत गेले. खोल्या बुटक्या होत चालल्या होत्या. एकदा ती म्हणाली, "आता बसूनच सरकतेय." कधी माझ्यावर चिडायची, मध्येच रडायची, आणि प्रत्येक वेळी विचारायची, भिंगरी शाळेतून आली का. तिच्या लेखी दिवस तोच होता. मी दर वेळी अजून आली नाही म्हणायचो.

मी चौथ्या मजल्यावरचं छत उघडून पाहिलं. भिंतींवर हाताने ठोकत फिरलो. गच्चीवर गेलो, तिथे पाण्याच्या टाक्या होत्या. चौकीदाराला विचारलं की आधीच्या ऑफिसात काही झालं होतं का. तो म्हणाला, "भाडं परवडेना म्हणून गेले, दुसरं काय होणार?"

मॅडमनी मला बोलावून घेतलं. "काम संपलंय असं मी ऐकते. मग तुम्ही अजून इथे काय करताय?"

"थोडं टेस्टिंग राहिलंय."

"आमच्या लोकांनी चुकीचा नंबर दाबला की तुमच्या टेबलावर बेल वाजते म्हणे. तसं नको. चुकीचा नंबर म्हणजे चुकीचा, त्याला टूंटूं वाजलं पाहिजे. उद्या सकाळी हेड ऑफिसचा माणूस येतोय. तो त्यांचा डायल प्लॅन चढवेल आणि तुमचा सगळा पुसून टाकेल. बिल तेवढं देऊन जा."

"तळाची एक ओळ ठेवता येईल का?" मी विचारलं.

"कशासाठी?"

मी तोंड उघडलं. बायको कुठेतरी वर अडकली आहे असं सांगणार होतो, आणि त्याच वेळी बायको मॅडमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात आमची पिशवी, सगळी हत्यारं नीट भरलेली. "निघायचं का?" तिने विचारलं. मॅडम तिच्याकडे बघून हसल्या. मी बिलाचं पुस्तक काढलं.

७

त्या दुपारी तिला मी पुढे घरी पाठवलं, उरलेल्या केबल गुंडाळून येतो म्हणून. लॅपटॉप उघडला. माणसाला आणणं माझ्या हातात नव्हतं, पण आकडे कुठे न्यायचे ते उद्या सकाळपर्यंत माझ्या हातात होतं. झोळीचं तोंड मी फिरवलं. कशातच न बसणारा नंबर आता माझ्या टेबलावर नाही, बाहेरच्या लाइनवरून आमच्या घरच्या फोनवर जाणार होता. त्याने काय होईल हे मला ठाऊक नव्हतं. घरचा आवाज ऐकून तिला दाराचा अंदाज येईल, अशी एक वेडी आशा होती. दुसरं काही सुचतच नव्हतं.

बदल लागू करण्याआधी तिचा एक फोन आला. आवाज दबका होता. ती आडवी पडून बोलत असावी.

"ऐक," मी म्हणालो. "यानंतर कुठलाही नंबर दाब, तो घरी लागेल."

"घरी?"

"आपल्या घरी."

"मग येतेच मी," ती म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात जीव आला होता.

बदल लागू करून मी घरी पोचलो तेव्हा उजेड होता. भिंगरी टेबलाशी चित्र रंगवत होती आणि आई तिच्या पाठीमागे उभी राहून तिची वेणी घालत होती. मी फोनजवळच्या खुर्चीत बसलो. हात धुवायलाही उठलो नाही. पण बेल वाजली तेव्हा रिसीव्हर उचलला तो तिने. कशी आली, केव्हा आली, मला कळलं नाही. वेणी अर्धीच राहिली होती.

ती ऐकत होती. रिसीव्हरमधून बारीक आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण आवाज माझ्या बायकोचा होता आणि तो भराभर बोलत होता. इकडे हिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त ओठ हलत होते. पलीकडून येणारा प्रत्येक शब्द तिच्या ओठांवर उमटत होता, पण किंचित आधी.

"हो," ती शेवटी मऊ आवाजात म्हणाली. "हो, हीच खोली. टेबल, खुर्ची, मुलगी. बरोबर आहे." मग थांबून म्हणाली, "नाही. इथे आता जागा नाही."

तिने रिसीव्हर ठेवला. अंगठ्याच्या नखाने क्लिप दाबून भिंतीतली वायर काढली, आमच्या धंद्यात काढतात तशी, आणि वायरचं टोक माझ्या हातात दिलं. "रॉंग नंबर होता," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी काढल्याचा आवाज आला.

मी उठलो. सॉकेट हातभर अंतरावर होतं. वायर लावायची, बेल वाजायची वाट बघायची आणि या वेळी फोन मी घ्यायचा. उद्या सकाळपर्यंत वेळ होता. मी भिंतीशी वाकलो.

"बाबा," भिंगरी म्हणाली. "नको लावूस."

मी वळून पाहिलं. तिने रंगाची कांडी खाली ठेवली होती. स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून ती अगदी हळू बोलू लागली.

"दुपारी पण आला होता तो फोन. ही अंघोळीला गेली होती. मी घेतला."

"कोण होतं?"

"आई." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही. "म्हणाली, भिंगरे, दार उघड. मी म्हटलं, माझी आई घरात आहे. ती ओरडायला लागली. नेहमी ओरडते तशीच. मग मी ठेवून दिला."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

"ही ओरडत नाही, बाबा," ती म्हणाली. "हिलाच राहू दे ना."

आतून आईने हाक मारली, जेवायला वाढलंय म्हणून. भिंगरीने रंग डब्यात भरले आणि उठून गेली. मी वायर गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.